आमच्या घरची राणी

सिंदी (रेल्वे) स्टेशनावर उतरून आमचे घर विचारले तर आमचे नाव घेऊन कोणी पत्ता सांगणार नाही. "ते अस्वलावानी कुत्रं हाय ना, त्याईच्या घरी जा लागते का?" असे विचारतील आणि बोटाने गल्ली दाखवतील. गेली बारा-तेरा वर्षे आमची हीच ओळख झाली आहे. सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही.

ही ओळख आम्हाला तीन रॉटवायलर कुत्र्यांनी दिली. शेरू आमच्याकडे अठरा दिवस राहिला. राणी साडेआठ वर्षे राहिली. आणि टायगर, आम्ही हे लिहीत असताना, आमच्या पायावर पाय टाकून घोरतो आहे. कुटुंबाच्या पानावर मुलांचे शिक्षण, आजारपण, लग्नकार्य असे विषय येतात, त्यात कुत्र्याचे काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण आमच्या घरातले हसणे-रडणे, भांडण आणि कर्जसुद्धा गेली काही वर्षे या मुक्या प्राण्यांभोवती फिरत आले आहे. म्हणून लिहितो.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. आम्ही जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर काम केले. दोन खोल्या, वर टिना आणि पुढे थोडे अंगण, असे आमचे घर. अशा घरात हा बंगल्यातला कुत्रा आला कसा? तर मुलांचे मामा नागपूरला एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. तिथल्या कुत्रीला नऊ पिल्ले झाली. मालकाने एक मामांना दिले आणि मामांनी ते 2012 च्या डिसेंबरात टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, पॅसेंजरने सिंदीला आणले. काळेभोर अंग, दोन्ही डोळ्यांवर बदामी ठिपके आणि पंजे एवढे मोठे की ते दुसऱ्याच कोणाचे घालून आला आहे असे वाटावे.

मुले नाचू लागली. आमची आई, म्हणजे मुलांची आजी, मात्र दारातच बसून राहिली.

"काहून आनलं हे घरात?" ती म्हणाली. "आमच्या लहानपणी पाटलाच्या कुत्र्याले विहिरीवर पानी भेटे, आमाले नाई भेटे. आन् आता तुमी कुत्र्याले दूध पाजता?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. महाडला 1927 साली बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हाही हाच प्रश्न होता. तिथे गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता; तो फक्त आपल्या माणसांना होता. ज्या पिढीने हे अंगावर सोसले तिला कुत्र्याचे लाड डोळ्यांत खुपले तर नवल नाही. शेवटी थोरल्या मुलीने एक फोटो काढून आजीपुढे धरला. राजगृहातला, 1934 च्या फेब्रुवारीतला हा फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंत आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे आणि सगळ्यांच्या बरोबर बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे.

आजीने फोटो जवळ घेतला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "बाबासायबाच्या घरी बी व्हता?" तिने विचारले. मग थोड्या वेळाने, "ठेवा मंग. पन माह्या बाजेवर नाई चढला पायजे."

शेरू आजीच्या बाजेवर कधी चढला नाही. तेवढे दिवसच त्याला मिळाले नाहीत.

पिल्लू देताना बंगल्यातून निरोप आला होता की लस अजून दिलेली नाही, ती आठवड्याच्या आत द्या. आम्ही पगाराची तारीख पाहत बसलो. पिल्लू चांगले खेळत होते, खात होते. आठ-दहा दिवसांनी काय बिघडते, असे वाटले. पंधराव्या दिवशी त्याने खाणे सोडले. मग उलट्या, मग रक्ताची पातळ हगवण, आणि तिचा असा वास की एकदा आला म्हणजे जन्मभर विसरत नाही. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, पार्वो आहे. या विषाणूला मारणारे औषध त्यांच्याजवळ नव्हते. सलाईन लावायचे, अंग गरम ठेवायचे आणि वाट पाहायची. रॉटवायलर पिल्लांना हा रोग इतर जातींपेक्षा अधिक लवकर धरतो, हे आम्हाला तेव्हा कळले. तिसऱ्या रात्री शेरू गेला. लसीला जेवढे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट सलाईनला लागले. पण पैशाचे दुःख नव्हते. धाकटा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तो एवढेच म्हणाला, "पगार झाला व्हता न बाबा, परवाच." पगार खरोखरच झाला होता. आम्ही त्यातून आधी किराण्याची उधारी दिली होती.

म्हणून ज्यांच्या घरी पिल्लू येणार असेल त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असते. तिथून दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. रेबीजची लस त्यांच्याबरोबरीने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी नेमाने. सगळे डोस होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर उतरवू नये. हा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. शेरू गेल्यावर अंगण ब्लीचिंगने धुऊन काढले, वरची माती खरडून टाकली आणि उन्हाळा-पावसाळा जाऊ दिला, तेव्हा कुठे 2013 च्या ऑक्टोबरात राणी आली. ती त्याच बंगल्यातल्या कुत्रीची पुढच्या वेतातली. या वेळी पहिली लस टोचल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय मामांनी पिल्लू उचलले नाही.

राणी वाढू लागली तशी पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. ही जात कुठली, असे जो तो विचारी. शेवटी मुलीने शाळेतल्या सरांना विचारून आणि पुस्तके चाळून सगळी माहिती गोळा केली. जर्मनीच्या दक्षिणेला रॉटवाइल नावाचे जुने गाव आहे. तिथे पूर्वी रोमन लोकांची छावणी होती. लाल कौलांवरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. आपल्याकडच्या कवेलूंच्या गावासारखेच म्हणायचे. रोमन सैन्याबरोबर गुरे हाकणारी कुत्री आली आणि त्यांच्यापासून ही जात झाली, असे मानले जाते. पुढे ती खाटकांची कुत्री झाली. बाजारापर्यंत गुरे हाकत न्यायची, मांसाची लहान गाडी ओढायची, रात्री मालकाची राखण करायची. म्हणजे हा शिकारी सरदारांचा कुत्रा नव्हे, हातावर पोट असणाऱ्यांचा कामकरी कुत्रा आहे. हे ऐकून आजी म्हणाली, "मंग तं आपल्यातलंच हाय."

गंमत अशी की या कुत्र्याची नोकरी रेल्वेने घालवली. एकोणिसाव्या शतकात गुरे आगगाडीने जाऊ लागली, रस्त्याने हाकत नेणे बंद पडले आणि रॉटवायलर बेकार झाला. गाडी ओढायला गाढव स्वस्त पडू लागले. 1882 साली हाइलब्रॉन गावी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, त्यात या जातीचा एकच कुत्रा आला होता, असे नोंदले आहे. पुढे 1910 च्या सुमारास जर्मन पोलिसांनी त्याला कामावर घेतले म्हणून जात वाचली. रेल्वेने ज्याला बेकार केले त्याचा वंश सिंदी (रेल्वे)मध्ये, एका गँगमनच्या घरी येऊन राहिला, हे आम्हाला अजून मजेचे वाटते.

राणीचे रूप भीतीदायक आणि स्वभाव लहान मुलाचा. दोन वर्षांची झाली तेव्हा मुलांनी हट्टाने तिला जिनिंगच्या काट्यावर चढवले. 39 किलो भरली. एवढी धिप्पाड जनावर, पण 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा डीजे दुरून आला की ती बाजेखाली घुसे आणि बाज उचलून निम्मी बाहेर राही. सिंदीचा तान्हा पोळा जिल्ह्यात नावाजलेला. मोठमोठे लाकडी नंदी निघतात, गावोगावचे लोक येतात. त्या दिवशी तिच्या कानावर आजीचे लुगडे गुंडाळून ठेवावे लागे. या जातीची एक सवय म्हणजे माणसाला टेकून राहणे. तुम्ही उभे असलात तर ती सगळा भार तुमच्या मांडीवर टाकेल. खाली बसलात तर पायावर बूड टेकून बसेल. लाडात आली म्हणजे गळ्यातून एक घरघर काढी. नवा माणूस ती ऐकून मागे सरके, त्याला वाटे गुरगुरते आहे. आमच्यासाठी ते तिचे बोलणे होते.

आणि गाडीची तिला अचूक जाण. सिंदीहून कितीएक माणसे रोज नागपूरला कामाला जाऊन येतात. आमची थोरली मुलगी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा तीही संध्याकाळच्या पॅसेंजरने परत येई. दिवसभर किती मालगाड्या, किती एक्स्प्रेस धडधडत जात, राणी कानही हलवत नसे. पण तिच्या गाडीचा भोंगा झाला की उठून फाटकाशी उभी. गाडी दोन तास उशिरा असली तर दोन तासांनी उठे. आम्ही वेळ घड्याळात न पाहता राणीकडे पाहून चहा टाकत असू.

आजीच्या बाजेचा नियम सहा महिन्यांत मोडला. मोडला तो आजीनेच. थंडीत पाय गार पडतात म्हणून तिने राणीला पायथ्याशी घेतले, ते कायमचे. पहाटे भाकरीचा पहिला पापुद्रा राणीला. आम्ही काही बोललो तर म्हणे, "तुमाले काय करा लागते? ते माह्यं लेकरू हाय." पाणी मात्र ती राणीला स्वतः पाजी, दुसऱ्या कोणाला पाजू देत नसे. याचे कारण आम्ही कधी विचारले नाही.

उन्हाळा हा या कुत्र्याचा शत्रू. थंड मुलखातली जात, अंगावर काळे दाट केस, घाम येत नाही, फक्त धापा टाकून अंग निववायचे. आणि आमचा वर्ध्याकडचा मे महिना तर सर्वांना ठाऊक आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. 2015 च्या मे महिन्यात दुपारी राणी अंगणात कोसळली. हिरड्या लालभडक, डोळे फिरलेले, पाय लटपटणारे. तिला सावलीत ओढून आम्ही घरातले होते नव्हते तेवढे पाणी तिच्या अंगावर ओतले, मुलांनी पुठ्ठ्याने वारा घातला आणि अंग जरा निवल्यावरच दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी टाकले म्हणून वाचली. तशीच उचलून आणली असती तर वाटेत गेली असती. त्याच आठवड्यात हप्त्यावर कूलर घेतला. आमच्या घरातला पहिला कूलर. वस्तीत चेष्टा झाली की मायबापाला कधी कूलर घेतला नाही आणि कुत्रीला घेतला. खरेच होते ते. कूलरपुढे राणी झोपे आणि राणीच्या आड आजी. त्यानंतर मार्च ते जून राणीचे फिरणे पहाटे पाचलाच होई.

खर्चाचेही लपवत नाही. हे जनावर भाकरीच्या तुकड्यांवर जगत नाही. चिकनच्या दुकानातून पाय, काळीज, अंडी, सोबत भात किंवा भाकर, वर लस, गोचिडाचे औषध, जंताच्या गोळ्या. शेवटी शेवटी महिन्याला 3000 च्या खाली भागत नव्हते. मुलांच्या आईने चार घरचे शिवणकाम वाढवले ते त्यासाठी. हौस म्हणून कोणी हा कुत्रा घेत असेल तर त्याने आधी वही घेऊन हिशेब मांडावा.

आता जी गोष्ट सांगणे जड जाते ती सांगतो. 2016 च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडून फाटकाची कडी लागायची राहिली. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा हातात बिस्किट घेऊन पळत होता. राणी त्याच्यामागे धावली, चावली नाही, ओरबाडलेही नाही. फक्त अंगावर उडी घेतली. 39 किलोचे ओझे. पोरगा दगडावर पडला आणि हाताचे हाड मोडले.

"खेळत व्हती ते," असे आमच्या तोंडून गेले. पोराची आई म्हणाली, "तुमची खेळते, आन् माह्या लेकराचा हात मोडते?" यापुढे बोलायला जागा नव्हती. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. फाटक छातीएवढे उंच केले आणि त्याला बाहेरून कडी, आतून कुलूप लावले. राणीला मात्र त्यानंतरच आम्ही नीट शिकवायला घेतले: बस म्हटले की बसणे, सोड म्हटले की सोडणे, साखळीशिवाय दाराबाहेर न जाणे. हे सगळे ती सहा महिन्यांची असतानाच व्हायला हवे होते. ही जात हुशार असते, शिकवले तर पटकन शिकते; न शिकवले तर तिचे प्रेमसुद्धा दुसऱ्याला इजा करते. मुलाचा हात बरा झाला. आज तो उंचापुरा झाला आहे, येता-जाता हाक मारतो. त्याची आई मात्र अजून आमच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाते. तिचे काही चुकत नाही.

2019 च्या पावसाळ्यात आजी गेली. राणी बाजेखालून निघेना. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसे आली, वंदना झाली, भोजन झाले, ती तिथेच. पाचव्या दिवशी मुलांच्या आईने आजीच्या वाटीत पाणी घेऊन तिच्यापुढे धरले, तेव्हा उठून प्यायली.

2022 च्या जानेवारीत राणी पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागली. आम्हाला वाटले मुरगळला असेल. हळद लावली, शेकले. पंधरा दिवसांत मनगटाच्या वर गाठ दिसू लागली. एका ओळखीच्या टेम्पोत घालून तिला नागपूरला, सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. 1958 सालचे हे महाविद्यालय. आसपासच्या जिल्ह्यांतली गुरे, शेळ्या, कुत्री तिथे येतात. रांगेत आमच्यापुढे एक म्हातारे गृहस्थ शेळी घेऊन बसले होते. एक्स-रे झाला. हाडाचा कॅन्सर.

रॉटवायलरमध्ये हा रोग फार. ही जात मुळात आठ-दहा वर्षांचीच, आणि पुष्कळांना हाच रोग नेतो. पाय कापता येतो. पण तोवर रोग बहुधा छातीत पोचलेला असतो. आणि एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. अमेरिकेत 683 रॉटवायलरांचा अभ्यास झाला, तो 2002 साली छापला गेला. त्यात असे दिसले की ज्यांची नसबंदी वर्षाच्या आत केली त्यांना हाडाचा कॅन्सर अधिक झाला. राणीची शस्त्रक्रिया आम्ही आठव्या महिन्यात करून घेतली होती, पिल्लांचा व्याप नको म्हणून. तिचा रोग त्यामुळेच झाला असे कोणी म्हणू शकणार नाही. तरी ज्यांच्याकडे ही जात असेल त्यांनी नसबंदी केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाय कापायचा नाही असे आम्ही ठरवले. वेदनेच्या गोळ्या सुरू केल्या. महिनाभर बरे गेले. मार्चमध्ये गोळ्या पुरेनाशा झाल्या. रात्री ती ओरडत नसे, पण भिंतीकडे तोंड करून थरथरत बसे आणि जवळ गेले की शेपूट हलवण्याचा प्रयत्न करी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, हाड आतून पोकळ झाले आहे, कधीही मोडेल. इंजेक्शन देऊन तिला सोडवणे हाच उपाय आहे.

पंचशीलातले पहिले शील आपल्या सर्वांच्या तोंडी रोज असते. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर आजीने वयाच्या तेराव्या वर्षी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. त्यातली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची, त्यांच्या पालनपोषणाची. पहिले शील एकीकडे ओढत होते आणि तेरावी प्रतिज्ञा दुसरीकडे. निदान आम्हाला तरी तसे वाटले. घरात दोन तट पडले. थोरली म्हणे, तिचे दुःख आपण आपल्या पुण्यासाठी लांबवत आहोत. धाकटा म्हणे, जीव घेणे म्हणजे घेणेच, नाव काहीही द्या. मुलांची आई काही बोलत नसे, राणीचे अंग पुसत बसे.

आम्ही विहारात भन्तेजींकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले आहे, तेव्हा आपल्या मनात नेमके काय आहे ते तपासा, असे म्हणाले. तिच्या वेदनेची दया आहे, की तिच्या सेवेचा कंटाळा? की खर्चाची धास्ती? "मी तुम्हाला परवानगी देणार नाही," ते म्हणाले, "आणि तुम्ही काही केले तर दोषही देणार नाही. हे तुमच्याच मनाला विचारायचे आहे." परवानगी मिळाली असती तर सोपे झाले असते. परत येताना मनाला विचारले. दया होती. थकवाही होता. दोन्ही होते, हे खोटे कशाला बोलावे.

आणखी आठ दिवस गेले. मग एका पहाटे उठताना तिचा पाय मोडला. तो आवाज आम्ही ऐकला. धाकट्यानेच फोन लावला, "डॉक्टरसाहेब, या."

मुलांच्या आईच्या मांडीवर डोके ठेवून राणी गेली. आधी झोपेचे इंजेक्शन दिले, मग दुसरे. पाच मिनिटेही लागली नाहीत. साडूंच्या शेताच्या धुऱ्यावर कडुनिंबाखाली चार फूट खड्डा खणून तिला पुरले. मुलांनी त्रिसरण म्हटले. नंतर वस्तीत कोणी म्हणाले, कुत्र्यासाठी त्रिसरण म्हणतात काय? आम्ही वाद घातला नाही. ते राणीसाठी कमी आणि मुलांसाठी जास्त होते. आम्ही केले ते योग्य की अयोग्य, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. धाकटा आजही म्हणतो, आठ दिवस आधीच करायला हवे होते. आणि लगेच म्हणतो, करायलाच नको होते.

यापुढे कुत्रा नाही, असे ठरले. दोन वर्षे घर शांत होते.

12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवले. पिटबुल, रॉटवायलर अशा 23 जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि लोकांकडे असलेल्यांची नसबंदी करा, असे त्यात होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिलला ते पत्र रद्द ठरवले. ज्यांचा संबंध येतो त्यांना विचारलेच नाही, असे कारण दिले. पुढच्याच महिन्यात चेन्नईतल्या एका बागेत दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला फाडले. ती बागेच्या रखवालदाराची मुलगी. कुत्रे दुसऱ्याचे, साखळीशिवाय सोडलेले. ती बातमी वाचून आम्हाला राणी आठवली नाही, शेजारच्या पोराचा मोडलेला हात आठवला. बंगल्यातला कुत्रा सुटतो तेव्हा बहुधा आपल्यासारख्यांचीच लेकरे समोर असतात.

त्या दिवसांत धाकट्याने कुक्कुर जातक वाचून दाखवले. पुनर्जन्माचा भाग आपण बाजूला ठेवू. गोष्ट न्यायाची आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. राजाने हुकूम सोडला, नगरातली सगळी कुत्री मारा. फक्त राजवाड्यातली उंची कुत्री वगळली. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा म्होरक्या राजापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, गुन्हा कोणाचा ते न पाहता दुबळ्यांना मारणे हा न्याय नव्हे. त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला लावले. चामडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले. आमच्या काळात गोष्ट उलटी झाली. 2024 मध्ये उंची जातींवर पत्र निघाले आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना उचलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तोही अकरा दिवसांत बदलावा लागला. फाटकाची कडी कोणी उघडी ठेवली, हे मात्र कोणत्याच पत्रात विचारलेले आम्हाला दिसले नाही.

तर त्या पत्राच्या धास्तीने नागपूरच्या एका फ्लॅटमधल्या कुटुंबाला आपला चार वर्षांचा कुत्रा नकोसा झाला. सोसायटीने नोटीस लावली होती. मामांना कोणीतरी सांगितले, मामांनी आम्हाला. नाही म्हणायचे ठरवूनच आम्ही गेलो होतो. तो गॅलरीत, मोकळ्या कूलरच्या खोक्यामागे, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मुलांच्या आईने साखळी मागितली.

टायगर राणीसारखा नाही. गाडीच्या वेळा त्याला कळत नाहीत. माणसांना टेकत नाही, एक हात अंतर ठेवून बसतो. पायावर पाय टाकायलाच त्याला वर्ष लागले. पहिल्या महिन्यात नगरपरिषदेत नोंद केली, रेबीजची लस दिली, फाटकाचे कुलूप बदलले आणि शेजारणीला स्वतः जाऊन सांगितले की कुत्रा आणला आहे, साखळीशिवाय बाहेर येणार नाही. तिने ऐकून घेतले. चहा काही विचारला नाही.

आता त्याच्या तोंडावर पांढरे केस आले आहेत. गेल्या आठवड्यात पहाटे फिरून आला तो पुढच्या डाव्या पायाने लंगडत. घरात कोणी काही बोलले नाही. थोरली माहेरी आली होती, ती हातातले लाटणे तसेच ठेवून उठली. धाकट्याने मोबाईलवर टेम्पोवाल्याचा नंबर काढला. मुलांची आई खाली बसली, पाय मांडीवर घेतला, मनगटावरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले, मग पंजा उलटा केला. दोन बोटांच्या मधोमध बाभळीचा काटा मोडला होता, चांगला इंचभर. सुईने तो काढला, हळद भरली. टायगर उठला, लंगडत लंगडत पाण्याच्या वाटीशी गेला आणि सगळी वाटी प्यायला.